मदत हवी आहे: कार्बन क्रेडिट प्लॅटफॉर्मचं ब्रँडिंग
नमस्कार मंडळी, कोल्हापुरात डिझाइनचं काम करतो. भारत, बांगलादेश, केनियासारख्या देशांसाठीच्या कार्बन क्रेडिट प्लॅटफॉर्मचं ब्रँडिंग हाती आहे. क्लायंटला हिरवं पान आणि पृथ्वीचा गोल हवाय. मला ते अजिबात पटत नाही. एक क्रेडिट म्हणजे हवेत जाण्यापासून रोखलेला किंवा हवेतून काढून घेतलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. विश्वास बसतो तो त्याच्या अनुक्रमांकावर, मोजणी कुणी केली आणि तेच क्रेडिट दोनदा विकलं नाही ना, यावर. म्हणून अनुक्रमांकच ओळखचिन्ह करावं म्हणतोय. पण शिरोळचा ऊसकरी, पाचट न जाळता शेतातच कुजवणारा, त्यालाही ते आपलं वाटायला हवं.

शेतकऱ्यांसाठी ॲप केलेलं कुणी आहे का? आकडे कसे दाखवलेत? शिवाय देवनागरी, बांगला आणि रोमन एकत्र शोभतील असा फाँट सुचवा. मुक्ता आवडतो, पण त्यात बांगला नाही.