१५५० असूनही नकार का?
सॅटला (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची १६०० गुणांची परीक्षा) १५५० असून पुतणीला नकार आला, म्हणजे अमेरिकेतली निवड निव्वळ लॉटरी, असं एकांचं म्हणणं आहे. थोडी आहेच. पण तिथे अर्ज शाळेच्या संदर्भात वाचतात. शाळेने काय शिकवलं, गुण किती सढळ हाताने दिले, हे 'स्कूल प्रोफाइल'मधून, म्हणजे शाळेने अर्जासोबत पाठवलेल्या माहितीपत्रकातून, कळतं. आपल्याकडे ते प्रोफाइल आणि सोबतचं शिफारसपत्र लिहिण्याचं काम मुख्याध्यापिकांच्या गळ्यात पडतं आणि शिफारसपत्र निघतं: 'विद्यार्थिनी हुशार व नम्र आहे.' झालं!

कॉमन ॲपवर (अनेक कॉलेजांसाठी एकच ऑनलाइन अर्ज) उपक्रमांना जागा १०, प्रत्येकाच्या वर्णनाला अक्षरं १५०. तिथे घरच्या दुकानात रोज बसते हेही बिनधास्त लिहावं, ते मोजलं जातं.

आर्थिक मदत मागितली होती का? हार्वर्ड, एमआयटीसारखी मोजकी सोडली तर परदेशी मुलांच्या बाबतीत मदत मागितली आहे का, तेही निवड करताना बघतात.