साडेचार वर्षांच्या मुलीला सायकल सोळाची की विसाची (चाकाचे इंच)?

मुक्ताची आई:
लेकीची उंची १०४ सेंमी. सासूबाई म्हणतात, वाढतं अंग आहे, विसाचीच घ्या. काल दुकानात बसवलं तर बोटंही जमिनीला टेकेनात. हँडल घट्ट धरून रडकुंडीला आली. काय करू?

सायकलकाका:
विसाची अजिबात नको! वय सोडा, पायाची आतली लांबी मोजा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं करायचं, पायांमध्ये पुस्तक वर सरकवायचं आणि तिथपासून जमिनीपर्यंत टेप. शिकताना सीट त्याहून उंच नको, दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. माझ्या नातवाला मोठी घेतली होती. एकदा आपटला आणि वर्षभर सायकलकडे फिरकला नाही. अजून वाईट वाटतं.

मुक्ताची आई:
४४ सेंमी भरलं.

सायकलकाका:
मग सोळाची, पण सीट पार खाली केल्यावर ४४च्या आत येते का बघा. नाहीतर चौदाची. बाजूची चाकं नकोत. आधी पेडल काढा, पायांनी ढकलत तोल येऊ दे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं.

मुक्ताची आई:
सोळाची आणली, सीट ४३वर. आज पार्किंगमध्ये दोन्ही पाय उचलून खांबापर्यंत गेली!