शब्दचर्चा : नकाशातल्या ‘ब्लॉक’ला साचा म्हणावं का?

दिग्रस (प्रश्न) :
मी तालुक्याच्या गावी घरांचे नकाशे काढून देतो. हाताखाली दोन पोरं आहेत. ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमधला ‘ब्लॉक’ (एकदा काढून, नाव देऊन नकाशात हवा तितक्या वेळा बसवायचं चित्र) समजावताना दर वेळी गाडी अडते. आमच्याकडे ब्लॉक म्हणजे अंगणातले पेव्हिंग ब्लॉक, बीडीओ साहेबांचा ब्लॉक, नाहीतर फोनवर एखाद्याला करतात तो. परवा शाळेच्या नकाशात ३६ खिडक्या १२०० मिलिमीटरच्या १५०० करायच्या होत्या. ब्लॉक उघडून एकदा रुंदी बदलली असती तर झालं होतं. पोराने सगळ्या एक्स्प्लोड केल्या, म्हणजे फोडून सुट्या रेषा केल्या, आणि एकेक ओढत बसला. अख्खी दुपार गेली. चूक माझीच. ‘ब्लॉक म्हणजे गठ्ठा’ असं मीच सांगून ठेवलं होतं, आणि गठ्ठा दिसला की माणूस तो सोडणारच. आता ‘साचा’ म्हणावं म्हणतो. चालेल का?

मूर्तिजापूर (मिस्त्रीकाम) :
भाऊ, साचा म्हन्ला की मले इटभट्टी दिसते. साच्यातून इट निंघाली की तिचा साच्याशी सोयरसंबंध तुटला. उद्या साचा मोठा केला त वाळत घातलेल्या इटा थोड्याच फुगतात? तुमच्या खिडक्या त साच्यासंग बदलतात म्हन्ता. मंग हा साचा कायचा?

यवतमाळ :
मिस्त्रीदादांचा मुद्दा बिनतोड आहे. म्हणून मी ‘बिंब–प्रतिबिंब’ सुचवते. बिंब हललं की प्रतिबिंब हलतं. कल्पना जुनीच आहे : १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड हे संगणकावर आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर केलं, त्यातही एक मूळ आकृती आणि तिच्या अनेक प्रती असत, मूळ सुधारलं की प्रती सुधारत. ऑटोकॅड आलं ते १९८२ मध्ये.

अकोला :
ताई, शब्द गोड आहे, पण ‘३६ प्रतिबिंबं बसव’ असं साइटवर म्हणून बघा एकदा. ‘अवतार’ही नको, आमच्याकडे ‘काय अवतार केला’ हे वेगळ्याच वेळी म्हणतात.

वाशीम :
साचा इतक्या लवकर मोडीत काढू नका. मराठी विकिपीडियावर ‘साचा’ हाच शब्द रुळलाय आणि तिथे तो अगदी ब्लॉकसारखा वागतो : साच्याच्या पानावर दुरुस्ती केली की तो वापरणारी सगळी पानं बदलतात. वीटभट्टीचा अर्थ जुना, हा नवा. दोन्ही नांदतील. एक्सरेफला (दुसऱ्या फाइलमधला नकाशा आपल्या नकाशात जोडून दाखवतात त्याला) मात्र साचा म्हणू नका, तो सातबाऱ्याचा उतारा आहे. दप्तरी फेरफार झाला तरी तुमच्या हातातला कागद जुनाच असतो, नवा उतारा काढावा लागतो. उघड्या नकाशात एक्सरेफ ‘रीलोड’ करायचा तो त्यासाठीच.

पुसद :
शब्द कोणताही घ्या, पण पोरांना एक सांगा : सॉफ्टवेअर ब्लॉक ओळखतं ते नावाने, तोंडवळ्याने नाही. माझ्या नकाशात ‘डी१’ म्हणजे १००० ची पुढची चौकट. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमध्ये ‘डी१’ म्हणजे ७५० चं संडासाचं दार. तिकडची चार दारं कॉपी करून इकडे पेस्ट केली आणि चारही १००० ची झाली. नाव आधीच असलं की पेस्ट करताना घरचाच ब्लॉक चालतो, पाहुण्याचा नाही. मी न बघता प्रिंट दिली. सुताराने संडासाला १००० च्या चार सागवानी चौकटी करून आणल्या. पैसे मीच भरले. त्या चौकटी दोन वर्षं गोठ्याला टेकून होत्या. तेव्हापासून ब्लॉकच्या नावातच माप घालतो : ‘दार_७५०_संडास’.

वर्धा :
रेव्हिट या इमारतींच्या त्रिमिती मॉडेलच्या सॉफ्टवेअरवाल्यांचं दुखणं निराळं. तिथे ‘फॅमिली’ (खिडकीचा प्रकार), तिच्यात ‘टाइप’ (एक ठरावीक माप), मग ‘इन्स्टन्स’ (प्रत्यक्ष बसवलेली एकेक खिडकी). टाइपची रुंदी बदलली तर त्या टाइपच्या सगळ्या खिडक्या बदलतात. इन्स्टन्सवर बदललं तर तेवढी एकच. आणि तिथे खिडकीबरोबर भिंतही आपसूक कापली जाते. ऑटोकॅडच्या साध्या ब्लॉकमध्ये खिडकी रुंदावते, भिंतीच्या रेषा तुम्हालाच कापाव्या लागतात. फॅमिलीला ‘कुटुंब’ मात्र करू नका. ‘कुटुंब लोड कर’ म्हटलं तर घरी वेगळाच अर्थ निघेल.

दारव्हा (सुतारकाम) :
तुम्ही सगळे साच्यावर अडले, प्रत्येक खिडकीला काय म्हणावं हे कोणी बोलत नाही. आम्ही नग म्हणतो. नकाशाच्या तक्त्यात तुम्हीच लिहिता ना, डब्ल्यू१ — ३६ नग? मग साचा एक, नग छत्तीस. एवढं सोपं आहे.

यवतमाळ :
हे पटलं. बिंब मागे घेते. आता स्केचअप या त्रिमिती चित्रांच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘मेक युनिक’ला काय म्हणायचं? एकच नग मूळ साच्यापासून तोडून त्याला स्वतःचा साचा द्यायचा, ते.

मूर्तिजापूर :
चूल वेगळी मांडनं, बाई. भाऊ वेगळा निंघते तसं. आडनाव तेच, पन आता इकडचा बदल तिकडे लागू नाही.

दिग्रस :
आज सकाळी पोराला एवढंच सांगितलं : साचा उघड, रुंदी बदल, नग फोडायचे नाहीत. पाच मिनिटांत ३६ च्या ३६ खिडक्या झाल्या, भिंती कापायला अर्धा तास लागला. मग पोरगा आपणहूनच विचारतो, “दादा, जिन्याजवळची खिडकी १५०० ची मावत नाही. तिची चूल वेगळी मांडू?”