मदत हवी: सोलो क्रॉस कंट्रीसाठी नेमका कुठला चार्ट घेऊ?

गगनवेडा
शुक्रवारी ३०० मैलांची सोलो क्रॉस कंट्री आहे, म्हणजे एकट्याने लांब पल्ल्याचं उड्डाण. दुकानात सेक्शनल (मोठ्या भागाचा हवाई नकाशा) आहे, टर्मिनल (मोठ्या विमानतळाभोवतालचा) आहे, वर आणखी एक वेगळाच चार्ट. सगळे घेणं परवडत नाही. कुठला एक पुरेल? उद्या इन्स्ट्रक्टरला प्लॅन दाखवायचाय, लगेच सांगा प्लीज.

बारामतीकर
आम्ही आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटना) १:१०,००,००० मापाच्या नकाशावर पेन्सिलने रेघ ओढून शिकलो. दर १० मैलांवर खूण, प्रोट्रॅक्टर, बस. डीजीसीएच्या (भारताची विमान वाहतूक नियामक संस्था) नॅव्हिगेशनच्या पेपरलाही हीच सवय कामी येते. तो पेपर कधी देतोयस?

रेवा_उडते
अरे, कुठून कुठे ते तर लिही! सेक्शनल म्हणतोयस म्हणजे अमेरिका, पण अमेरिकेत कुठे?

गगनवेडा
ॲरिझोना. गुडइयर – प्रेस्कॉट – ग्रँड कॅन्यन – गुडइयर. डीजीसीएच्या सीपीएलला (व्यावसायिक पायलटचा परवाना) लागते तीच, दोन ठिकाणी उतरून फुल स्टॉप. पेपरचं नंतर बघू, चार्टचं सांगा ना.

ढगांच्यावर
काही घेऊ नकोस. आयपॅडवर फोरफ्लाइट हे नकाशांचं ॲप टाक. ॲन्ड्रॉइड असेल तर अवेअर फुकट आहे.

जुना_कॅप्टन
ॲरिझोनाच्या उन्हात आयपॅड तापला की स्वतःहून बंद पडतो. मांडीवर कागद हवाच.

ढगांच्यावर
सर, बॅकअपला फोन असतो की. पार्ट ९१ मध्ये (अमेरिकेचे उड्डाणाचे सर्वसाधारण नियम) कागदच हवा असं कुठेही लिहिलेलं नाही.

जुना_कॅप्टन
नियमाचं म्हणतच नाहीये मी. एकटा पोरगा, खाली डोंगर, दोन्ही स्क्रीन एकाच उन्हात. कागद बंद पडत नाही.

साताऱ्याची_मावशी
तिकडे सीपीएलला एकूण खर्च किती येतो? भाच्यासाठी विचारतेय.

रेवा_उडते
मावशी, त्यासाठी वेगळा धागा काढा ना.
गगनवेडा, एका चार्टवर तुझं भागणार नाही. मुख्य आधार फीनिक्स सेक्शनल, १:५,००,०००. दुसरा लास व्हेगास सेक्शनल. निघताना-परतताना फीनिक्सचा टर्मिनल, १:२,५०,०००. क्लास बीचे (मोठ्या विमानतळाभोवतालची नियंत्रित हवाई हद्द) थर सेक्शनलवर दाटीवाटीने येतात, यावर सुटे दिसतात. आणि गुडइयरहून सरळ उत्तरेला निघालास की लूक हवाई तळ आडवा येतो. तिथल्या जेट प्रशिक्षणासाठी खास नियमाची हद्द आखलेली आहे. सोमवार ते शुक्रवार दिवसा प्रशिक्षण चालू असताना रेडिओवर लूक ॲप्रोचशी (तिथले हवाई नियंत्रक) बोलल्याशिवाय तिथे शिरता येत नाही. तू शुक्रवारीच जातोयस.

गगनवेडा
व्हेगासचा कशाला? मी तिकडे जातच नाहीये.

रेवा_उडते
चार्टला शहराचं नाव असतं, हद्द अक्षांश-रेखांशांची. फीनिक्सच्या चार्टची वरची कड ग्रँड कॅन्यन विमानतळाच्या अलीकडेच संपते. नेमका उतरण्याआधीचा तुकडा पुढच्या चार्टवर. आणि तो तिसरा 'वेगळाच' चार्ट ग्रँड कॅन्यनचा. एक बाजू पर्यटन कंपन्यांची, दुसरी आपल्यासारख्यांची, तीच बघ. फ्लाइट फ्री झोन, म्हणजे उडायला मनाई असलेले भाग, १४,४९९ फुटांपर्यंत आहेत. दरी बघायचा मोह झाला तर कुठून जायचं ते त्यावरच कळतं. पैशांचं म्हणशील तर एफएएच्या (अमेरिकेची विमान वाहतूक संस्था) साइटवर हे सगळे चार्ट फुकट आहेत. तुझ्या रस्त्यापुरता पट्टा छापून घे, पण 'फिट टू पेज' करू नकोस, प्लॉटरचं (नकाशावर अंतर मोजायची पट्टी) माप चुकेल.

जुना_कॅप्टन
हे बरोबर. बाळा, चार्टवरच्या प्रत्येक चौकोनातला मोठा आकडा म्हणजे त्या भागातल्या सर्वांत उंच अडथळ्याचा अंदाज, तुझी उड्डाणाची उंची नव्हे. वर मोकळी जागा तू धरायचीस. आणि कॅन्यनचा विमानतळच ६,६०९ फुटांवर आहे. दुपारी गरम हवेत टेकऑफला किती धावपट्टी लागेल ते आधी काढ.

बारामतीकर
तुमच्याकडे मैल नॉटिकल की स्टॅट्यूट?

ढगांच्यावर
नॉटिकल. गुडइयर–प्रेस्कॉट ७४, पुढे ७९, परत १५२. म्हणजे ३०५, जेमतेम. अंतर स्क्रीनवर एका मिनिटात निघतं, कागदावर बसा मोजत!

गगनवेडा
रूममेटकडे फीनिक्सचा छापील चार्ट पडलाय, चालेल ना? म्हणजे फक्त बाकीचे छापतो.

रेवा_उडते
त्यावरची मुदत बघ. सेक्शनल ५६ दिवसांनी नवा निघतो. मुदत टळलेली असेल तर तोही नवाच छाप.