मदत हवी आहे: सांगलीत पडून असलेली १९९८ची मारुती ८००, इंजिन काम करायचं की ट्युनिंगवर भागेल?

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती ८००, १९९८चं मॉडेल, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग), एमएच १० पासिंग. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, शोरूममधून नवी घेतलेली, मीटरवर ८१ हजार. अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पाठोपाठ कोरोना आला, तेव्हापासून ती विश्रामबागेत घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. अण्णा दर रविवारी तिला फडकं मारतात, त्यामुळे पत्रा आणि काचा लख्ख आहेत. बोनेटखाली मात्र इतक्या वर्षांत कुणाचा हात लागलेला नाही.

नवी बॅटरी टाकली. चोक पूर्ण ओढला की दोन-तीन सेल्फमध्ये गाडी चालू होते, पण चोक आत ढकलला की लगेच बंद. चोक अर्धा ठेवला तर स्लोला (रेस न देता) धडधडते, सायलेन्सरमधून काळा धूर आणि पेट्रोलचा वास येतो. कंपाउंडमध्ये पुढे-मागे घेतली तर रेस देताना एक झटका खाते आणि मग उचलते. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढलं, तर आत गुळवणीच्या रंगाचं पाणी. ब्रेकचं पेडल पहिल्या दाबाला खाली जातं, दोन-तीनदा दाबलं की वर येतं. मागचं डावं चाक जाम होतं, ढकलल्यावर सुटलं.

शंभर फुटी रस्त्यावरच्या एका मिस्त्रींना घरी आणलं होतं. त्यांनी प्लग काढले, तिन्ही काळेकुट्ट. म्हणाले पिस्टनच्या रिंगा (ऑइल वर येऊ न देणारी कडी) गेल्यात, इंजिन काम करावं लागेल, बोअर-पिस्टन धरून पंचवीस-तीस हजार. शिवाय कार्बोरेटर नवा. माणूस अनुभवी आहे, पण शेवटची चालवली तेव्हा ही गाडी ऑइल अजिबात खात नव्हती. नुसती उभी राहून रिंगा कशा जातील, हे मला पटत नाहीये.

प्लग काळे म्हणजे रिंगा गेल्या असंच धरायचं का? इंजिन न खोलता खात्री करता येते का? आणि कामं कोणत्या क्रमाने करावीत? माझं बजेट वीस हजारांच्या आसपास आहे. ही गाडी भंगारात द्यायची नाही, एवढं ठरलेलं आहे. अण्णांना तिच्यातून औदुंबरला न्यायचंय.

---

प्रतिसाद:

आधी एक सांगा, २०१९ किंवा २०२१च्या पुरात गाडी पाण्यात होती का? सांगलीतली गाडी म्हटल्यावर हे पहिलं विचारावं लागतं. पाणी गिअरबॉक्समध्ये आणि वायरिंगमध्ये शिरलं असेल तर सगळा हिशोब बदलतो.

---

धागाकर्ता:

नाही. दोन्ही वेळेला आमच्या गल्लीत पाणी आलं नव्हतं. ऑइलची डिपस्टिक बघितली, ऑइल काळं आहे पण दुधाळ नाही.

---

प्रतिसाद:

मग इंजिनला कुणाला हात लावू देऊ नका. निदान कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते) बघितल्याशिवाय तरी नकोच.

काळ्या प्लगचं असं असतं: कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जळतंय. ओलसर, तेलकट काळा असेल तर ऑइल वर येतंय. तुम्ही गाडी सतत चोकवर चालवताय, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त. प्लग काळे होणारच. धूरसुद्धा काळा म्हणताय. ऑइल जळत असतं तर निळसर धूर आला असता.

आता चोक ढकलल्यावर बंद का पडते? चोकशिवाय मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) पडतंय म्हणून. त्याची दोन कारणं नेहमीची. एक, उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट गाळ राहतो. स्लोचा जेट (पेट्रोल जायचं भोक) सगळ्यात बारीक, तो आधी बुजतो. दुसरं, व्हॅक्यूमचे रबरी पाइप तडकतात किंवा कार्बोरेटरखालचं पॅकिंग सुटतं आणि तिथून फुकटची हवा आत जाते. स्लोचा सोलेनॉइड (विजेवर पेट्रोलची वाट उघडणारा भाग) असेल तर चावी ऑन केल्यावर 'टक' असा आवाज येतो का, तेही बघा. आवाज नसेल तर आधी वायर तपासा. रेस देताना खातेय तो झटका बहुतेक अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या डायफ्रामचा. हे सगळं कार्बोरेटर साफ करून ओव्हरहॉल किट टाकलं की सुटतं. नवा कशाला? जुना मूळचा कार्बोरेटर चांगल्या हाताने साफ केलेला, बाजारातल्या स्वस्त नव्यापेक्षा मी कधीही पसंत करीन.

पण कार्बोरेटरच्या आधी टाकी. सगळं पेट्रोल काढा (इंजिन गार असताना, मोकळ्या हवेत, जवळ विडी-काडी नको) आणि टॉर्च मारून आत गंज आहे का बघा. गंजक्या टाकीवर साफ केलेला कार्बोरेटर लावला तर तो पुन्हा बुजणार. इथून पुढे पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉल ओलावा ओढतं आणि १९९८चे रबरी पाइप त्यासाठी बनवलेलेच नव्हते. आपल्या जिल्ह्यातले कारखाने इथेनॉल करतात, उसाला त्याचा आधार आहे, ते चांगलंच. पण जुन्या गाडीवाल्याने पाइप, फिल्टर आणि पेट्रोल पंपाचा डायफ्राम एकदा नवे टाकावेत आणि टाकी महिनोन्महिने भरून उभी ठेवू नये.

कॉम्प्रेशन असं बघा: इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, गेजवरचा आकडा लिहून घ्या. तिन्ही आकडे पुरेसे आणि जवळपास सारखे असले तर विषय मिटला. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा बघा. आकडा चढला तर रिंगा. चढला नाही तर व्हॉल्व्ह, आणि तेव्हाही हेड खोलायच्या आधी टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग, त्याची गॅप) तपासा. ढिला टॅपेट टकटक वाजतो, तो कळतो. घट्ट टॅपेट अजिबात वाजत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही आणि प्रेशर खातो. तसाच चालवला तर व्हॉल्व्ह जळतो.

---

प्रतिसाद:

वरचं सगळं बरोबर, पण क्रम माझ्या मते वेगळा. गाडी चालू होणं नंतर, थांबणं आधी. मागचे दोन्ही ड्रम खोला. हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी असली की लायनर ड्रमला चिकटतात. व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओल दिसली तर पेडल खाली जाण्याचं कारण सापडलं. तिथे काही नसेल तर मास्टर सिलिंडर बघा. ब्रेक ऑइल पूर्ण बदला, ते हवेतली ओल शोषतं. टायरवर शेवटचे चार आकडे वाचा. २३१२ असेल तर २०१२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असू द्या, असा टायर हायवेला नको. आणि टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) बदला. तो किलोमीटरवर जातो तसा वयानेही जातो.

रेडिएटर स्वच्छ पाणी येईपर्यंत फ्लश करा, मग डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट. बोअरचं पाणी घालू नका, क्षार धरतो.

---

प्रतिसाद:

कागदांचं बघितलंत का? १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण), म्हणजे तुमचं २०२३ला संपलं असणार. ऑगस्ट २०२५च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर २० वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झालंय. उशिराचा दंड आणि पर्यावरण कर वेगळा. वीस हजारांत हे धरलं नसेल तर आत्ताच धरा. तोवर गाडी गॅरेजला टोचन लावून किंवा टेम्पोत घालून न्या, स्वतः चालवत नेऊ नका.

ट्युनिंग झाल्यावर पीयूसीचे आकडे नीट वाचा. बीएस-२च्या (भारत स्टेज २, प्रदूषणाचे निकष) आधीच्या पेट्रोल गाडीला मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के, हायड्रोकार्बन १५०० पीपीएम. पहिला आकडा जास्त असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पहिला कमी आणि दुसरा खूप जास्त असेल तर कुठेतरी मिसिंग (पेट्रोल नीट न पेटणं) आहे: प्लग, वायर, डिस्ट्रिब्युटर कॅप. रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा. हाय टेन्शन वायर फुटली असेल तर निळी ठिणगी उडताना डोळ्यांना दिसते.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. कॉम्प्रेशन बघितलं, त्याच मिस्त्रींकडून. प्रतिसाद दाखवले तर त्यांनी स्वतःहून गेज आणलं. पहिला १६५, दुसरा १६०, तिसरा ११५. तिसऱ्यात ऑइल सोडलं तरी ११५च. टॅपेट कव्हर उघडलं तर तिसऱ्याच्या एक्झॉस्टला फीलर गेजचं सगळ्यात पातळ पानही जाईना. मॅन्युअलप्रमाणे गॅप सेट करून पुन्हा घेतलं, १५० आलं. मिस्त्री म्हणाले, आता इंजिन राहू दे.

टाकीत तळाला गंज निघाला, ती उतरवून साफ करायला दिली आहे. कार्बोरेटर खोलला तेव्हा स्लोच्या जेटमधून उजेडच दिसत नव्हता. मागच्या डाव्या व्हील सिलिंडरला गळती आहे, दोन्ही बाजूंचे नवे टाकतोय. चारही टायर २०१३चे निघाले, तेही बदलणार. बजेट वाढणार हे दिसतंय. कागदांसाठी सोमवारी आरटीओत जाऊन येतो.

टायमिंग बेल्ट आणि कार्बोरेटर किट सांगली-मिरजेत चांगल्या प्रतीचं कुठे मिळेल, की कोल्हापूरहून मागवू? कुणी अलीकडे घेतलं असेल तर कृपया सांगा. पीयूसीचे आकडे आले की इथेच टाकतो.