मदत हवी आहे: चौकशी चालू असताना भावाने राजीनामा द्यावा का?

नमस्कार. प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा आहे. आम्ही डिचोलीचे. तो वेर्णा औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत पॅकिंगला आहे, सात वर्षं पूर्ण झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही.

एका बॅचच्या लेबलांचा हिशेब जुळला नाही. लाइनवर किती लेबलं घेतली, किती लागली, किती फाडून टाकली याची नोंद त्याच शिफ्टमध्ये व्हायला हवी असते. ऑडिटच्या वेळी दिसलं की नोंदीवर भावाची सही आहे, पण त्या तारखेला तो रजेवर होता. त्याचं म्हणणं, दुसऱ्या दिवशी शिफ्ट इनचार्जने कागद पुढे केला आणि मागच्या तारखेने सही कर म्हणून सांगितलं. चोरी नाही, एक गोळी बाहेर गेलेली नाही, तरी आरोपपत्रात 'रेकॉर्डमध्ये खोटी नोंद' असं आलंय. औषधाच्या धंद्यात ही गोष्ट गंभीर आहे हे मला मान्य आहे. पण मग इनचार्जला साधी नोटीससुद्धा का नाही?

निलंबनात अर्धा पगार मिळतो. चौकशी अधिकारी म्हणून बाहेरचे वकील नेमलेत. बचावासाठी एक सहकारी सोबत आणायची मुभा आहे, पण येणार कोण? ज्यांच्याबरोबर तो रोज कंपनीच्या बसने जायचा ते आता फोन उचलत नाहीत. त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्याही घरी चूल आहे.

आता मुख्य गोष्ट. गेल्या आठवड्यात एचआरने त्याला बोलावून सांगितलं, "आत्ताच राजीनामा दे, विषय इथंच मिटवू, चांगलं रिलीव्हिंग लेटर देऊ. चौकशी पुरी झाली की आमच्या हातात काही राहणार नाही." हे सगळं तोंडी. राजीनाम्याचा मसुदा तेच टाइप करून देणार, याने फक्त सही करायची. बाबा म्हणतात सही कर आणि सुट, चवथीला घरात हे नको. भाऊ म्हणतो, राजीनामा दिला की मीच गुन्हेगार ठरलो. मला दोघांचंही पटतं, त्यामुळे काय सांगू ते सुचत नाही.

राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी जाते का? त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० आहे, म्हणजे १५ ने गुणून २६ ने भागलं तर वर्षाला १०,५००, सात वर्षांचे ७३,५००. आमच्या घरात ही रक्कम लहान नाही. पीएफ अडकेल का? राजीनामा घेऊनही चौकशी चालू ठेवता येते का? आणि त्याच्या पत्रावर 'ज्युनियर ऑफिसर' लिहिलंय, म्हणून कामगार खात्याकडे जाता येणार नाही असं एकाने सांगितलं. ते खरं का? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, मी कारखान्यात युनियनचं काम केलंय, आता निवृत्त आहे. आधी हे सांगतो: कंपनीने टाइप केलेल्या कागदावर सही करू देऊ नका. त्यात 'माझी चूक मान्य आहे' किंवा 'माझं काहीही येणं नाही' असं एखादं वाक्य हमखास असतं.

ग्रॅच्युइटीची भीती बडतर्फीत आहे, राजीनाम्यात नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात होतं तेच नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. नैतिक अधःपतनाच्या, म्हणजे फसवणूक-अप्रामाणिकपणासारख्या कृत्यासाठी नोकरीतून काढलं तर ग्रॅच्युइटी पूर्ण किंवा काही अंशी जप्त करता येते. नुकसानीसाठी काढलं तर नुकसानीपुरती. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यासाठी फौजदारी कोर्टात शिक्षा झालेली असायची गरज नाही. खोट्या नोंदीचा आरोप कंपनी त्या सदरात बसवायला बघू शकते, म्हणून हा धोका खरा आहे. राजीनामा रीतसर स्वीकारला गेला तर 'काढलं' हेच उरत नाही. पीएफला कुणी हात लावू शकत नाही, त्याचा आणि कंपनीचा असे दोन्ही वाटे त्याचेच.

खाजगी कंपनीत राजीनामा स्वीकारून माणसाला मोकळं केलं की सहसा चौकशीही संपते. बँका आणि सरकारी नोकरीत नियम वेगळे असतात. पण नेमणूकपत्र आणि स्थायी आदेश (कंपनीचे नोकरीचे छापील नियम) काढून वाचा, चौकशी चालू असताना राजीनामा स्वीकारणार नाही असं कलम पुष्कळ ठिकाणी असतं. कंपनीचा पोलीस तक्रारीचा मार्ग मात्र राजीनाम्याने बंद होत नाही.

दुसरी बाजूही बघा. बडतर्फ केलं तर कामगार अधिकाऱ्याकडे वाद नेता येतो, पुढे औद्योगिक न्यायाधिकरणात जाता येतं. स्वतः राजीनामा दिला की तो रस्ता जवळजवळ बंद. नंतर 'माझ्याकडून जबरदस्तीने घेतला' म्हणालात तर ते तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, आणि तोंडी बोलण्याचा पुरावा कुठून आणणार?

'ऑफिसर' या पदनामावर काही ठरत नाही. तो प्रत्यक्षात काय काम करतो ते बघतात. मशीनवर उभा राहत असेल, कुणाची रजा मंजूर करत नसेल, तर तो कामगारच. सुपरवायझरचं काम आणि पगार महिना १८,००० च्या वर असेल तरच अडचण. त्याच्या कामाचे कागद आजच गोळा करा.

प्रतिसाद

मी एचआरमध्ये आहे, दुसऱ्या कंपनीत. वरच्या काकांशी सहमत. भर एवढीच की तडजोड करायचीच असेल तर ती आधी ईमेलवर आणा: राजीनामा कोणत्या तारखेपासून स्वीकारला, चौकशी बंद केली, नोटीस पिरियड माफ की त्याचे पैसे कापणार, रिलीव्हिंग आणि अनुभवाच्या पत्रात काय लिहिणार. एचआर खरंच मिटवू बघत असेल तर एवढं लिहून द्यायला त्यांना अडचण नसावी. लिहून देत नसतील तर त्या आश्वासनाची किंमत काय ते समजा.

आणि नवीन कंपनीच्या फॉर्मवर 'तुमच्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का' असा प्रश्न असतो. तिथं खोटं लिहू नये. 'चौकशी सुरू झाली होती, निष्कर्षाआधी मी राजीनामा दिला' हे एका ओळीत सांगता येतं. वेर्ण्यातल्या कंपन्यांचे क्वालिटीवाले एकमेकांना ओळखतात, लपवून उपयोग नाही.

राजीनामा पाठवला आणि मन बदललं तर स्वीकृतीचं पत्र हातात पडायच्या आत लेखी मागे घ्या. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या बाजूने सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच निकाल दिला. स्वीकृती फक्त ऑफिसच्या फाइलमध्ये पडून असेल तर ती धरली जात नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हे रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, आधी त्यांच्याकडून लिहून घे.

भावाने आज एचआरला ईमेल केला: तुम्ही तोंडी जे सांगितलं ते लेखी कळवा, तोपर्यंत मी चौकशीला हजर राहतो. त्या आठवड्याचं शिफ्ट रजिस्टर आणि बॅच रेकॉर्डच्या प्रतीही लेखी मागितल्या आहेत, कारण इनचार्जचं नाव त्यातच सापडेल. उद्या आम्ही पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जातोय. औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो असंही समजलं, त्यासाठी मडगावला जाऊ.

आता एकच अडलंय. पुढच्या तारखेला इनचार्जची साक्ष आहे आणि उलटतपासणी भावालाच करायची आहे. तो मुळात कमी बोलणारा, समोर वकील बसलेला पाहिला की गप्प होईल अशी मला धास्ती वाटते. प्रश्न आधी लिहून नेले आणि वाचून विचारले तर चालतात का? कुणी अशा चौकशीत बसलं असेल तर लवकर सांगा.