मदत हवी आहे: हार्ड डिस्क इजेक्ट होत नाही, अडवणारा 'सिस्टम, आयडी ४'

नमस्कार मंडळी. माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. २ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क रोज रात्री घरी नेतो, सकाळी परत लावतो. विंडोज १०, डिस्कचं फॉरमॅट एनटीएफएस (विंडोजचं नेहमीचं).

आठवड्यातून तीन-चार रात्री तरी इजेक्ट दाबलं की तेच पालुपद: डिव्हाइस वापरात आहे, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा प्रयत्न करा. अहो, पण कोणता प्रोग्रॅम? कोरल बंद, फोटोशॉप बंद, एकही फोल्डर उघडा नाही. नाव सांगितलं तर बंद करेन ना!

संताप याचा की नाव त्याला ठाऊक असतं. इव्हेंट व्ह्यूअरच्या (विंडोजची नोंदवही) सिस्टम लॉगमध्ये कर्नल-पीएनपीची (डिव्हाइस जोडणं-काढणं सांभाळणारा विंडोजचा भाग) २२५ नंबरची नोंद असते, तिथे कोणी अडवलं ते स्वच्छ लिहिलेलं. दोनदा अँटिव्हायरस निघाला. एकदा तर चक्क टास्क मॅनेजर, जो मी डिस्क कोणी धरलीये हे बघायलाच उघडला होता!

पण बहुतेक वेळा तिथे 'सिस्टम, प्रोसेस आयडी ४'. म्हणजे खुद्द विंडोज. त्याला कसं बंद करणार?

या डिस्कचं इंडेक्सिंग (शोधासाठी विंडोज फायलींची यादी करून ठेवतं ते) बंद केलंय. रिसोर्स मॉनिटरमध्ये (कोणता प्रोग्रॅम काय वापरतोय ते दाखवणारं विंडोजचं टूल) ड्राइव्हचं अक्षर टाकून शोधलं, तर '$एक्स्टेंड' फोल्डरमधल्या कसल्या तरी फायली दिसतात, ज्या मी कधी उघडलेल्या नाहीत. डिस्क मॅनेजमेंटमधून ऑफलाइन केली की सुटते, पण सकाळी लावल्यावर परत तिथे जाऊन ऑनलाइन करावी लागते. दुकानातल्या पोराला हे रोज जमणार नाही.

डिस्कच्या पॉलिसीत 'क्विक रिमूव्हल' (इजेक्ट न करताही काढता यावी यासाठीची सेटिंग) आहे (विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून तेच डीफॉल्ट). मग सरळ ओढली तर चालतं का? गिऱ्हाइकं पेनड्राइव्ह सर्रास उपसतात, काही होत नाही. मी मात्र गेल्या दिवाळीत घाईत केबल ओढली आणि एका पत्रिकेची फाइल परत उघडलीच नाही. कॉपी चालू होती की काय, देव जाणे.

कृपया 'पीसी बंद करून काढा' सांगू नका, रात्री त्याच पीसीवरून मशीनला प्रिंट चालू असतं.

आयडी ४ चा बंदोबस्त कोणी केलाय का? आणि डिस्कचं फॉरमॅट एनटीएफएसऐवजी एक्सफॅट केलं तर हे थांबेल का? सगळा डेटा हलवून फॉरमॅट करण्यात अख्खा रविवार जाईल, म्हणून आधी विचारतोय.